पाहुणे किती येणार?

मागच्या महिन्यात आमच्या एका बोर्डावरचं फर्मवेअर दर तीन-चार दिवसांनी गपचूप मरत होतं. ना लॉग, ना एरर मेसेज. दोन रात्री जागल्यावर ओळ सापडली. बाहेरून आलेल्या पॅकेटमधली लांबी वाचायची आणि फंक्शनच्या आत तेवढ्याच आकाराचा अ‍ॅरे घ्यायचा. लिहिली कोणी होती? अस्मादिकांनीच :)

मग शनिवारी चहा घेऊन या व्हेरिएबल लेंग्थ अ‍ॅरेचा, म्हणजे व्हीएलएचा, इतिहास वाचत बसलो.

जुन्या सीमध्ये अ‍ॅरेचा आकार कंपाइल करतानाच ठरलेला लागे. अल्गॉल ६० मध्ये तो प्रोग्रॅम चालू असताना ठरवता यायचा, त्यामुळे गणितं करणाऱ्यांना सीचा हा हट्ट जाचायचा. खुद्द डेनिस रिचींनी १९९० मध्ये यावर लेख लिहिला. जीसीसीने आपल्यापुरती सोय दिली आणि सी९९ मानकात ती अधिकृत झाली. मॅलॉक नको, फ्री नको. फंक्शन संपलं की जागा आपोआप मोकळी. मज्जाच!

पण मॅलॉक निदान 'जागा नाही' म्हणून नल परत देतं. व्हीएलएला नाही म्हणताच येत नाही. पाहुणे किती ते न विचारता पंगत मांडायची, आणि जागा संपली तर पानं शेजारच्याच्या ओसरीवर! लांबी शून्य किंवा उणे आली तर काय होईल, हे मानकाने ठरवलेलंच नाही.

लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमला सहसा ८ मेगाबाइट स्टॅक मिळतो, त्यामुळे बरंच खपून जातं. कर्नलमध्ये मात्र ६४ बिट इंटेलवर २०१४ पर्यंत ८ किलोबाइट होता, नंतर १६. तिथे ही चैन परवडणारी नव्हती.

सी११ ने २०११ मध्ये व्हीएलए ऐच्छिक केले. मार्च २०१८ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी कर्नलमधून ते काढाच असं बजावलं. कोडही वाढतो, वेगही जातो, हे त्यांचं कारण. केस कुक आणि इतर अनेकांनी कित्येक महिने एकेक जागा शोधून काढली. सगळ्यात किचकट भाग क्रिप्टोचा. कुठल्या हॅशला किती जागा लागेल हे चालवतानाच कळायचं. त्यांनी सगळ्यांत मोठी गरज शोधून ती कमाल मर्यादा ठरवली, आणि त्याहून जास्त मागणाऱ्याला नोंदणीच्या वेळीच दारातून परत पाठवलं. डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीपासून कर्नलमध्ये व्हीएलए लिहिला की कंपाइलर इशारा देतो.

हे वाचताना माझी ट्यूब पेटली. कमाल आकार माहीत असेल तर साधा ठरलेला अ‍ॅरे पुरतो, व्हीएलए हवाच कशाला? आणि माहीत नसेल, तर स्टॅकवर तो घेण्याची हिंमत करूच नये.

सी२३ मध्येही स्टॅकवरचा व्हीएलए ऐच्छिकच राहिला. मॅलॉकने घेतलेल्या मॅट्रिक्सकडे अशा प्रकारच्या पॉइंटरने बघणं मात्र चांगलं, कारण तिथे स्टॅकला हात लागत नाही.

असो. सोमवारी २५६ बाइटचा अ‍ॅरे टाकला, त्याआधी लांबीची तपासणी, मोठं पॅकेट आलं तर लॉग करून फेकायचं. मेकफाइलमध्ये व्हीएलएचा इशारा थेट एरर केला. बोर्ड अजून तरी जिवंत आहे.

तुमच्या कोडमध्ये एकदा शोधून बघा. नसेल तर उत्तम. असेल तर तो आकार ठरवतं कोण, तुम्ही की बाहेरचा, एवढंच स्वतःला विचारा.