ऐकू येतं, पण कळत नाही : वार्धक्यातल्या श्रवणाचा इतिहास

म्हातारपणी कान जातात, असं आपण सहज म्हणून जातो. पण घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार नीट ऐकली तर ती वेगळीच असते : ‘आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही.’ आज आपण या वाक्याचा इतिहास पाहणार आहोत. त्याच्या उत्तरार्धाकडे लक्ष जायला विज्ञानाला बराच काळ लागला.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी अतिशय उंच सूर काढणारी एक छोटी शिट्टी तयार केली. १८८३ सालच्या पुस्तकात ते नोंदवतात की वय वाढतं तसे उंच सूर ऐकू येईनासे होतात, आणि ज्याचे जातात त्याला पत्ताही नसतो. पुढे १८९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये हेंड्रिक झ्वार्डेमाकर यांनी अशाच शिट्टीने ही उतरण वयानुसार मोजली. पण दोघांचा प्रश्न एकच : सूर ऐकू आला की नाही? ऑडिओमीटर आला, तरी प्रश्न तोच राहिला.

१९४८ साली अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन गेथ यांनी प्रबंधात दाखवलं की काही वृद्धांना, त्यांची सूर ऐकण्याची क्षमता पाहता जितके शब्द कळायला हवेत, त्याहून बरेच कमी कळतात. म्हणजे बिघाड फक्त कानाच्या दारात नव्हता. १९६४मध्ये हॅरोल्ड शुक्नेक्ट यांनी वार्धक्यातल्या बहिरेपणाचे चार प्रकार मांडले. त्यांत श्रवणचेतांच्या झिजेला स्वतंत्र जागा मिळाली. १९९०च्या सुमारास डोनाल्ड कॅस्परी आणि सहकाऱ्यांना म्हाताऱ्या उंदरांच्या मध्यमेंदूत गाबा हे रसायन घटलेलं आढळलं. गाबा चेतापेशींना लगाम घालतं. लगाम सुटला की ध्वनीच्या बारीक वेळा सांभाळणं जड जातं.

आता बघा, ‘काल’ आणि ‘गाल’ यांत फरक कसला? कंठातला नाद केव्हा सुरू होतो, एवढाच. सेकंदाच्या काही शतांशांचा. हा हिशेब मेंदू करतो. लग्नाच्या मांडवात, भांड्यांच्या आवाजात, तो चुकतो.

आणि आपण काय करतो? ओरडतो. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं स्पष्ट होत नाहीत. मग ‘आजोबांची बुद्धी मंदावली’ असं ठरवून मोकळे होतो, आणि आजोबा बोलण्यातून अंग काढून घेतात. कान तपासून घ्यायचेच, यंत्र लागलं तर लावायचंच. पण टीव्ही बंद करून, समोर बसून, जरा सावकाश बोलणं हे आपल्याच हातात आहे.