घर सोडण्याची साथ, घर धरण्याची साथ



आज मी तुम्हांला पुण्याच्या बुधवार पेठेत नेणार आहे. पण आपण निघू या तुमच्याच गावच्या माळावरून. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. त्यांच्या आजीने, नाहीतर आजीच्या सासूने सांगितलेली एक गोष्ट अजूनही निघेल. घरात उंदीर पडला, म्हणजे मरून पडलेला दिसला, की गाव हलायचे. दाराला कडी घालायची. गाडीवर जाते, तवा, काठवट, पाण्याचा हंडा नि पीठमिठाची मडकी चढवायची. आणि शेतात नाहीतर माळावर झोपडी घालून साथ ओसरेपर्यंत राहायचे. तीन दगडांची चूल मांडली की संसार सुरू! ही आठवण प्लेगाची, म्हणजे गाठीच्या तापाची.

आणि २०२० साली काय झाले ते तर तुम्ही-आम्ही सर्वांनीच भोगले आहे. त्या खेपेस हुकूम उलटा होता. घर सोडू नका, उंबरठा ओलांडू नका! एक साथ माणसाला घराबाहेर काढणारी, दुसरी घरात कोंडणारी. दोहोंत एक गोष्ट मात्र सारखी. साथ कोणतीही असो, दोन वेळा चूल पेटलीच पाहिजे. ती कोणी पेटवली, कशावर पेटवली आणि कोणाची पेटलीच नाही, हा आजच्या बोलण्याचा विषय.

आता बुधवार पेठच का, असे तुम्ही विचाराल. ही पेठ पुण्याच्या ऐन मध्यावर आहे आणि घरसंसाराशी तिचे नाते फार जुने आहे. नारो आप्पाजी खिरे यांनी पेशवाईत उभारलेले तुळशीबागेतले राममंदिर इथलेच. त्याच्या भोवतीचा बाजार तुम्ही पाहिला असेल. पोळपाट-लाटणे, किसणी, सोऱ्या, देवाची उपकरणी, पोरींच्या भातुकलीची इवलीशी भांडी, असा सगळा संसार तिथे मांडलेला असतो. जवळच पासोड्या विठोबा आहे. पासोडी म्हणजे थंडीत पांघरायचे जाड सुती वस्त्र. तशा पासोड्या या देवळापाशी विकत, म्हणून देवालाच ते नाव पडले, असे सांगतात. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने तर शिक्षकमंडळींच्या पायाखालचीच आहेत. आणि याच पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. तो जीर्ण वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवण्यात आला; पण त्या जागेचे नाव विसरता येणार नाही.

प्लेग १८९६ साली पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत उघड झाला आणि वर्ष सरता सरता पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्याच्या प्लेग कमिटीवर रँडसाहेब आला आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या. माजघर म्हणू नका, देवघर म्हणू नका! सामान रस्त्यावर काढायचे, कपडे-अंथरुणे जाळायची, जमीन उकरायची, कौले उतरवून घरात ऊन घ्यायचे. रोग्याला इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत. त्या संतापातून २२ जून १८९७ ला काय घडले, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी कशी झाडली, हा इतिहास शाळेत शिकवला जातो. मी तो इथे सांगत बसत नाही.

मला सांगायचे आहे ते त्या जळालेल्या अंथरुणाविषयी. अंथरूण म्हणजे काय हो? बहुतेक घरी ती गोधडीच. आजीचे जुने लुगडे, आजोबांचे धोतर, पोराचे फाटके अंगरखे, हे सारे थरावर थर घालून, उन्हाळ्याच्या दुपारी टाका टाका घालत शिवलेले. गरिबाच्या घरची ती ठेवच! ती रस्त्यावर पेटली तेव्हा त्या घरच्या बाईला काय वाटले असेल, याची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात मिळायची नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घर सोडून माळावर जाण्यात शहाणपण होते. प्लेगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून माणसाला होतो, हे १८९८ साली एका फ्रेंच डॉक्टराने दाखवले, आणि ते सगळ्यांना पटायला आणखी कित्येक वर्षे गेली. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला धरतात. म्हणून उंदीर पडलेले घर सोडणे हाच खरा उपाय होता. शास्त्राने कारण सांगण्याआधी आपल्या खेड्यांनी तो अनुभवाने धरला होता. करोनाचे तसे नाही. तो श्वासावाटे पसरतो, माणसाकडून माणसाला होतो. तिथे गर्दी टाळणे हा उपाय. म्हणून पहिल्या साथीत घर हा धोका होता आणि दुसऱ्या साथीत घर हाच आडोसा झाला.

चला तर मग २०२० सालात. ९ मार्चला, ऐन होळीच्या दिवशी, महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले. चारच दिवसांत राज्याने तोच १८९७ चा जुना कायदा पुन्हा लागू केला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, आणि २५ मार्चपासून सारा देश बंद. त्या दिवशी कोणता सण होता, आठवते का? गुढीपाडवा! घरात जे होते त्यावर लोकांनी गुढी उभारली. २ एप्रिलला रामनवमी आली; देवळांची दारे बंद होती. एप्रिलच्या आरंभीच पुण्याच्या जुन्या पेठा पत्रे-बांबू लावून बंद करण्यात आल्या. ज्या तुळशीबागेत एरवी माणूस माणसाला घासून चालते, तिथे कबुतरांचा आवाज तेवढा उरला.

अशा वेळी घर तरले कशावर? बेगमीवर. आपल्याकडे चैत्र-वैशाख म्हणजे वाळवणाचे दिवस. बंद पडला तो नेमका याच दिवसांत. तुम्हां गावच्या आयाबायांना कुरडई कशी करतात हे मी शिकवायला नको. पण शहरातल्या अनेक मुलांनी ती त्या वर्षी पहिल्यांदा होताना पाहिली. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, मग शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. पापड, सांडगे, बटाट्याचा कीस यांनी वाड्यांच्या गच्च्या भरल्या. ऊन फुकट होते आणि माणसे घरीच होती.

स्वयंपाकातही जुन्या युक्त्या परत आल्या. शिळी पोळी कुस्करून फोडणीला घालायची, शिळ्या भाताचा फोडणीचा भात करायचा. दोडक्याची भाजी केली तर त्याच्या शिरांची तीळ घालून चटणी करायची. ताक उरले की कढी. भाजी मिळाली नाही तर पिठले. आणि मटकी! वाटीभर मटकी भिजवून तिला मोड आणले की ती दुपटीहून जास्त भरते. शिवाय मोड येताना तिच्यात क जीवनसत्त्व तयार होते. म्हणजे ताज्या भाजीची उणीव थोडीफार भरून निघते. शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे. आजीबाईंना त्या जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, पण मोड आणण्याची रीत ठाऊक होती.

हातांनाही काम मिळाले. सुई-दोरा निघाला. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारने घरी शिवलेली मुखपट्टी वापरावी असे सांगितले, आणि जुन्या सुती साड्यांना नवा जन्म मिळाला. कापड उकळून घ्यायचे, दोन-तीन पदर घालायचे, नाड्या लावायच्या. हेच काम गावोगावच्या बचत गटांतल्या बायांनी पुढे नेले आणि मुखपट्ट्या शिवून त्यावर घर चालवले. कुठे क्रोशाची विणकामे निघाली, कुठे कापसाच्या वाती वळल्या गेल्या, कुठे पोरांनी माळ्यावरची भातुकली खाली काढली.

हे सारे ऐकायला गोड आहे. पण इतिहास सांगायचा तर नुसते गोड सांगून चालत नाही. त्याच घरांतली दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे घर बंद झाले, पण घरकाम बंद झाले नाही. कचेरी बंद, शाळा बंद, खाणावळ बंद. म्हणजे सगळी माणसे दिवसभर घरात, आणि चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंतचे सगळे बाईच्या हातावर. ज्या घरी नवऱ्याने पोळ्या लाटल्या, मुलाने केर काढला, तिथे हे दिवस सुखाचे गेले. जिथे तसे झाले नाही, तिथे आपण ज्याला काटकसर म्हणून नावाजतो ती एका बाईची विश्रांती कापून केलेली काटकसर होती.

दुसरी गोष्ट. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना येणे बंद झाले. काही घरांनी त्यांचा पगार चालू ठेवला, काहींनी थांबवला. स्वतःच्या घरात एक पोळी वाया न घालवणे ही काटकसर. मावशींचा पगार कापणे ही काटकसर नव्हे. ते आपल्या चुलीसाठी दुसऱ्याची चूल विझवणे झाले.

तिसरी गोष्ट बेगमीची. बेगमी करायला आधी चार पैसे हाती लागतात. पेठेतला हमाल, हातगाडीवाला, पथारीवाला रोज आणतो नि रोज खातो. तो कुरडया कोठून घालणार? तुमच्याच गावचे एखादे पोर स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला खोली घेऊन राहिले असेल. खाणावळ बंद झाल्यावर त्याने चार दिवस खिचडीवर काढले असतील, ते तुम्हांला कदाचित सांगितलेही नसेल. आणि बुधवार पेठेच्या काही गल्ल्यांत देहविक्रयाच्या व्यवसायात अडकलेल्या कितीतरी बाया राहतात. त्यांची कमाई एका दिवसात थांबली. अनेकींपाशी शिधापत्रिकाच नव्हती. मग धान्य कसे मिळावे? अखेर सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ओळखीचे कागद न मागता यांना शिधा द्या. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर अशा तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये देण्याचे ठरवले. म्हणजे मदत ठरली खरी, पण मार्च ते सप्टेंबर हे महिने कसे गेले असतील? त्या काळात संस्थांनी आणि गणेश मंडळांनी दिलेल्या शिध्यावर पुष्कळांचे दिवस गेले.

सरकारनेही काही चुली पेटत्या ठेवल्या. केंद्राने एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य फुकट दिले. राज्याची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली होती, ती बंदच्या काळात ५ रुपयांना मिळू लागली. तीत ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. नांगर धरणाऱ्या माणसाला एवढे पुरायचे नाही, हे खरे. पण ज्याच्या हाती काहीच नव्हते, त्याला तेवढ्याने संध्याकाळ गाठता आली.

श्रोतेहो, आता पुन्हा एकदा मागे, १८९७ सालात जाऊ. ज्या बाईने बुधवार पेठेतल्या त्या शाळेत मुलींना शिकवले, ती सावित्रीबाई तेव्हा साठी ओलांडून गेली होती. तिचा मुलगा डॉक्टर यशवंत प्लेगाच्या रोग्यांवर उपचार करीत होता. शहाणी माणसे शहर सोडून जात असताना ही म्हातारी रोगी गोळा करीत फिरत होती. मुंढव्याकडच्या वस्तीतला एक आजारी पोरगा तिने पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला. त्यातच तिला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी ती गेली. कितीही बेगमी केली तरी घराच्या भिंतीबाहेर कोणीतरी आपल्यासाठी आणि आपण कोणासाठी तरी असावे लागते, हे तिने मरून सांगितले.

शेवटी एक विनंती, विशेषतः शिक्षकांना. प्लेगाच्या झडत्यांवर लेख आहेत, खटल्यांचे कागद आहेत, अहवाल आहेत. पण माळावरच्या झोपडीत त्या बायांनी काय शिजवले, पोरांना काय पांघरले, हे फार थोडे लिहिले गेले. तीच चूक आपण पुन्हा करू नये. २०२० साली पहिलीत असलेली मुले आता मोठी झाली आहेत. आणखी काही वर्षांनी त्यांनाही नीट आठवणार नाही. तेव्हा तुमच्या विद्यार्थ्यांना एक वही करायला लावा. घरी विचारा: बंदच्या दिवसांत आपल्याकडे काय खाल्ले? काय शिवले? कोणाला पीठ दिले, कोणाकडून घेतले? कोण उपाशी राहिले? हा शेवटचा प्रश्न गाळू नका. त्याच्यावाचून ही वही म्हणजे नुसत्या पाककृती होतील.

जुनी गोधडी तुमच्या घरी असेलच. आज रात्री तिच्यावरून एकदा हात फिरवा. एकेका तुकड्यात एकेक माणूस आहे.