सिद्धीचा वारसा

अलौकिक शक्ती रक्तातून उतरते काय, हा प्रश्न आज पंडितांपेक्षा खेळणाऱ्या तरुणांस अधिक पडतो. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात प्रत्येकाने एका कल्पित पात्राची भूमिका घेऊन सर्वांनी मिळून कथा रचावयाची असते. असल्या खेळांसाठी नवी जगे निर्माण करणारे लोक जादूची आनुवंशिकताही ठरवू पाहतात. हा उद्योग पोरखेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. वारशाचा नियम जो घालतो, तो त्या जगात सत्ता कोणाच्या हाती जावयाची हेही ठरवीत असतो.

ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यांवरील आपले प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध केले. १९०० साली ते पुनः उजेडात आले. त्याचा नियम जादूस लावून पाहू. जादू हा एकाच अप्रभावी घटकाचा गुण मानला, तर तो घटक गुप्तपणे वाहणाऱ्या साध्या दांपत्याच्या पोटी चारांत एक मूल जादूगार निघण्याचा संभव राहील. दोन जादूगारांची संतती मात्र सर्वच जादूगार होईल. तो अनेक घटकांचा मानला, तर उंचीप्रमाणे त्यात तरतमभाव येईल. संकरित कपाशीचे बी राखून पुढील वर्षी पेरले असता पीक एकसारखे येत नाही, हे अकोल्याकडील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. जादूगारांच्या घराण्यांतही तसेच घडेल. हिशेब चोख आहे. परंतु असे जग दोन-चार पिढ्या चालू द्यावे, म्हणजे जादूगार आपसांतच सोयरिकी जुळवतील, वंशावळी राखतील आणि इतरांस हीन लेखतील. ही व्यवस्था आमच्या वाचकांस अपरिचित नाही.

वऱ्हाडाच्या इतिहासात मात्र याहून निराळा नियम सापडतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान. पंथाच्या परंपरेनुसार दत्तात्रेयांनी व्याघ्ररूपाने मस्तकी पंजा ठेवून चांगदेव राउळांस शक्ती दिली. चांगदेव राउळ द्वारावतीस खराट्याने रस्ते झाडीत व केर सुपात भरीत. तेथेच रिद्धपूरच्या गुंडम राउळांस, म्हणजे गोविंदप्रभूंस, त्यांच्याकडून शक्ती लाभली. पुढे गोविंदप्रभूंनी आपल्या हातचे सेंगुळे प्रसाद म्हणून दिले, आणि ती चक्रधरांकडे गेली. पंजा, सूप-खराटा, सेंगुळे: या मालिकेत रक्तसंबंध कोठेही नाही. किंबहुना चक्रधरांचा देह गुजरातेतील प्रधानपुत्र हरिपाळाचा. हरिपाळ मृत झाल्यावर चांगदेव राउळांनी त्या देहात प्रवेश केला, असे परंपरा सांगते. देहाचा वंश आणि शक्तीचा वंश यांची याहून स्पष्ट फारकत ती कोणती?

मेळघाटातील कोरकूंविषयी रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात असेच नोंदविले आहे. गावोगावचा भुमका नित्याची पूजा-बळी करी. परिहार मात्र देवतेने ज्यास निवडले असा कोणीही असे.

या नियमाचे फळ समाजात दिसले. चक्रधरांनी स्त्रिया व शूद्र यांस आपल्या मार्गात जवळ केले. महदंबा त्याच परिवारातील. तथापि त्यासही उणीव आहे. देणारा थांबला की मालिका थांबते. चक्रधरांनंतर नागदेवाचार्य पंथाचे आचार्य झाले, अवतार नव्हे. तेव्हा शक्तीची जागा स्मृतीने घेतली. म्हाइंभटांनी आठवणी जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे पंथीयांनी ग्रंथ सकळा लिपीत झाकले, आणि जे मुक्तपणे दिले गेले होते त्याभोवतीही कुंपण पडले.

म्हणून जगे रचणाऱ्यांनी मेंडेलचा हिशेब अवश्य करावा. पण आपला नियम कोणास बाहेर ठेवतो, हेही तपासावे. रक्तातील जादूची कल्पना नेहमी निरुपद्रवी नसते. अमुक घरात करणी चालते, हा बोभाटा एका व्यक्तीवर न थांबता तिच्या मुलाबाळांपर्यंत पोचतो. एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने अपराध ठरविले आहे. खेळातील जादूगाराचे कूळ पट आवरताच संपते. गावातील संशयाचे कूळ मोडावयास कायदा करावा लागला.