मितभाषी ‘सी’

संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषांत ‘सी’ ही मोठी मितभाषी. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ती १९७२ च्या सुमारास घडविली. १९७३ मध्यें ‘युनिक्स’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा तिच्यांतच नव्यानें लिहिला गेला. एका यंत्रासाठीं लिहिलेला प्रोग्रॅम थोड्या फेरफारानें दुसऱ्यावर नेतां येऊं लागला, हा तिचा खरा पराक्रम.

लिहिणाराला आपण काय करतों तें कळतें, असें गृहीत धरून ही भाषा मध्यें पडत नाहीं. तिचा वेग यांतच आहे, आणि दोषही यांतच. एखाद्या जागेंत किती अक्षरें मावतील, याचा पहारा ती करीत नाहीं. ‘गेट्स’ नांवाची तिची आज्ञा तर बाहेरून येणारा मजकूर ओतीतच राही. शेराच्या भांड्यांत दोन शेर दूध! उतूं गेलेलें शेजारच्या स्मृतींत सांडे, आणि त्याबरोबर परक्याचा हुकूमही आंत शिरे. नोव्हेंबर १९८८ मध्यें कॉर्नेल विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें सोडलेला ‘कीडा’, इतर वाटांबरोबर, याही वाटेनें हजारों यंत्रांत पसरला.

तरी ती आज्ञा भाषेच्या प्रमाणसंहितेंतून निघाली २०११ सालीं. जुने प्रोग्रॅम मोडूं नयेत, हा संकोच मला समजतो. तेवीस वर्षें मात्र फार झालीं.