पाण्यात क्लोराइड आहे का, हे कसं ओळखतात?

समुद्राजवळच्या विहिरीत खारं पाणी शिरू लागलं की त्यातलं क्लोराइड वाढतं. प्रयोगशाळेत ते ओळखायला परीक्षानळी पुरते. नमुन्यात आधी विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालायचे, मग सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण. क्लोराइड असेल तर दह्यासारखा पांढरा अवक्षेप येतो:

सिल्व्हर नायट्रेट + सोडियम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड↓ + सोडियम नायट्रेट

यात सोडियम आणि नायट्रेट आयन द्रावणात तसेच राहतात. खरी अभिक्रिया एवढीच:

सिल्व्हर आयन (+) + क्लोराइड आयन (−) → सिल्व्हर क्लोराइड↓

आम्ल विसरलं तर हमखास फसगत होते. कार्बोनेटही सिल्व्हरबरोबर अवक्षेप देतं. आम्लामुळे ते आधीच कार्बन डायऑक्साइडच्या रूपात निघून जातं. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र चालत नाही, त्यात क्लोराइडच असतं! द्रावणं नळाच्या पाण्यात केली तरी हाच घोळ. ऊर्ध्वपातित पाणीच हवं. (सिल्व्हर नायट्रेटने बोटांवर काळे डाग पडतात, हातमोजे घाला.)

अवक्षेप विरल अमोनियात विरघळला की क्लोराइडची खात्री पटते. प्रमाण किती, हे यातून कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत. ते मोजायला अनुमापन करावं लागतं.