अँटिबायोटिक प्रत्येक जंतूवर का चालत नाही?

पवनी आणि वैनगंगेकाठच्या गावांत पावसाळ्यात ताप आला, किंवा मांडीला गजकर्ण झाले, की बरेच जण दुकानातून अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या आणतात. कधी गुण येतो, कधी अजिबात नाही. याचे मूळ जंतूच्या पेशीत आहे.

आपल्या पेशीत डीएनए पडद्याच्या आत, म्हणजे केंद्रकात असतो. ही दृश्यकेंद्रकी पेशी. जीवाणूची पेशी आदिकेंद्रकी, आकाराने बरीच लहान. तिला केंद्रकाचा पडदा नाही, डीएनए मोकळाच असतो. प्रथिने बनवणारे रायबोसोम दोन्हींत असतात, पण जीवाणूचे वेगळ्या घडणीचे. शिवाय बहुतेक जीवाणूंभोवती भिंत असते, आपल्या पेशीला ती नसते. अँटिबायोटिक याच फरकांवर घाव घालते. अमॉक्सिसिलिन भिंत नीट बांधू देत नाही, डॉक्सिसायक्लिन जीवाणूच्या रायबोसोमचे काम थांबवते. म्हणून जंतू आटोक्यात येतो आणि आपल्या पेशी वाचतात.

गजकर्णाची बुरशी आणि हिवतापाचा परजीवी मात्र दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीच्या घडणीने आपल्याच जवळचे. त्यांना मारताना आपल्याला इजा होऊ नये, अशी औषधे मोजकीच आहेत. हिवतापाच्या गोळ्या वेगळ्या, आणि त्या रक्ततपासणीनंतरच घ्यायच्या. गजकर्णाचे औषध काही आठवडे नेटाने लावावे लागते. दुकानातल्या स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज लगेच थांबते, पण बुरशी पसरत राहते. माझ्या मते ही मलमे चिठ्ठीशिवाय घेऊच नयेत.

डेंग्यू, सर्दीच्या विषाणूला तर पेशीच नसते. तिथे अँटिबायोटिकने घाव घालायचा कशावर?

जीवाणू असला म्हणून कोणतेही अँटिबायोटिक चालेल, असेही नाही. 2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या, माइटच्या पिल्लाच्या चाव्यातून हा जीवाणू अंगात शिरतो आणि आपल्याच पेशीच्या आत राहतो. त्याची भिंतही नावापुरतीच, त्यामुळे अमॉक्सिसिलिन इथे कुचकामी ठरते, डॉक्सिसायक्लिन लागू पडते. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर औषध डॉक्टरच ठरवतील.

रोवणी, निंदण किंवा गवत कापून आल्यावर काही दिवसांनी ताप आला, तर काख, जांघ, कंबर नीट पाहा. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते का? ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही, आणि काहींना ती उमटतही नाही. ताप दोन दिवसांपुढे गेला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर दवाखान्यात या आणि शेतात गेला होता हे आवर्जून सांगा. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो.