दारातला बाजार : पुण्याच्या पेठांतील वस्ती आणि व्यवसाय

पुण्याच्या जुन्या पेठांत राहणाऱ्याला आपल्या पेठेचा आणि तिथल्या दुकानांचा जो अभिमान असतो, त्याची थट्टा मराठी विनोदी लेखनाने मनमुराद केली आहे. परंतु तो अभिमान नुसत्या स्वभावातून आलेला नाही, त्यामागे दोनअडीचशे वर्षांची एक नगररचना आणि व्यवहाराची एक रीत उभी आहे, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. मराठी राज्यातील पेठ म्हणजे केवळ मोहल्ला नव्हे आणि केवळ बाजारही नव्हे. राहण्याची जागा आणि विकण्याची जागा एकाच वेळी, एकाच आखणीत वसवण्याची ती सरकारी योजना होती. माणसाने घराबाहेर पाऊल टाकले की तो बाजारातच असे आणि दुकानदार दुकान मिटून आत गेला की तो घरात असे. पेठकऱ्यांच्या आपुलकीचे मूळ बऱ्याच अंशी या रचनेत सापडते.

पेठ वसवण्याची पद्धत ठरलेली होती. एखाद्या कारभाऱ्याला, सरदाराला किंवा सावकाराला मोकळी जागा नेमून दिली जाई आणि तिथे येणाऱ्या उदमी लोकांना कौल दिला जाई. कौल म्हणजे सरकारचे लेखी अभयवचन. त्यात बहुधा सुरुवातीची काही वर्षे करमाफी किंवा करसवलत असे, कारण ओसाड जागी पहिले दुकान थाटणाऱ्याचा धोका सरकारने वाटून घेतल्याखेरीज कोणी येत नसे. पेठेवर शेटे आणि महाजन हे दोन वतनदार असत. व्यापाऱ्यांना बोलावून आणणे, दुकानांच्या जागा नेमून देणे, बाजारातले तंटे मिटवणे ही शेट्याची कामे, तर हिशेब आणि वजनमापांची व्यवस्था महाजनाकडे असे. त्या बदल्यात दुकानादुकानातून त्यांना मालाच्या रूपाने ठरावीक हक्क मिळत. धंद्यांवर आणि दुकानांवर बसणाऱ्या कराला मोहतर्फा म्हणत. म्हणजे पेठ भरली तर सरकारचा महसूल वाढे, शेट्याचा हक्क वाढे आणि रहिवाशाची सोयही वाढे. तिघांचाही स्वार्थ बाजार नांदता राहण्यात होता, आणि स्वार्थाची अशी सांगड घातलेली असल्यामुळेच बहुधा या पेठा टिकल्या.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात आदिलशाही फौजेने पुणे उद्ध्वस्त केल्यानंतर जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली ते पुन्हा वसले ते कसब्याभोवतीच. बुधवार पेठेचे पूर्वीचे नाव मोहियाबाद, आणि ते औरंगजेबाच्या पुण्यातील मुक्कामाच्या काळातले. रविवार पेठ मलकापूर म्हणून, तर सोमवार पेठ शहापूर म्हणून ओळखली जाई. पेशवाईत ही नावे मागे पडून वारांची नावे रूढ झाली. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाने शनिवारवाड्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि दरबार पुण्यास स्थिरावला, तशी शहराची वाढ वेगाने सुरू झाली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ, नारायणरावाच्या नावाने नारायण पेठ, नाना फडणविसांच्या नावाने नाना पेठ आणि रास्ते सरदारांच्या नावाने रास्ता पेठ अशी भर पडत गेली. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. हौद भरलेला असेल तिथेच वस्ती दाट होई, वस्ती दाट तिथे दुकान चाले. पेठेच्या भरभराटीचा हिशेब असा पाण्यापासून सुरू होत असे.

पेठेच्या पोटात आळ्या होत्या. आळी म्हणजे एकाच धंद्याच्या लोकांची गल्ली. कसब्यातील तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा ही तिची ठळक उदाहरणे. एकाच मालाची दहा दुकाने शेजारी-शेजारी असणे विक्रेत्याच्या तोट्याचे, असे आज वाटेल; पण ठोक्यांचा आवाज, भट्टीचा धूर आणि ओझ्याचा माल यांना एकत्र जागा देणे शहराच्या सोयीचे होते, मोठे काम आले की ते घरोघर वाटून घेता येई आणि गिऱ्हाइकालाही एका फेरीत भाव आणि घडण पारखून घेता येत असे. संक्रांतीची सुगडी, दिवाळीच्या पणत्या आणि उन्हाळ्याचे माठ कुंभाराकडून. सूप, रोवळी, परडी आणि लग्नकार्याच्या टोपल्या बुरुडाकडून. हंडे, कळश्या, घंगाळी तांबटाकडून. वर्षाचे सण आणि घरातली कार्ये यांच्या निमित्ताने एकेका कुटुंबाचे पाय वर्षभरात बहुतेक आळ्यांना लागत, आणि कोणत्या घरात कोणते कार्य निघाले आहे हे कारागिराला आमंत्रणाच्या आधी कळत असे.

यांपैकी तांबट आळीचा इतिहास जरा सविस्तर पाहण्याजोगा आहे. पेशवाईत कोकणातून येऊन तांबट कसब्यात स्थायिक झाले आणि दरबाराच्या व सरदारांच्या मागणीवर त्यांचा जम बसला. तांब्याचा पत्रा कापून, ठोकून त्याला गोलाई द्यायची, भाग जोडायचे, धुऊन साफ करायचे आणि शेवटी मठारायचे असा कामाचा क्रम असतो. मठारणे म्हणजे घासून गुळगुळीत केलेल्या हातोड्याने भांड्याच्या सबंध अंगावर एकसारखे, एकाला एक लागून ठोके देणे. त्यामुळे पृष्ठभागावर खवल्यांसारखी चमकदार नक्षी उमटते. परंतु मठारकाम केवळ शोभेचे नाही, कारण तापवून मऊ केलेले तांबे ठोक्यांनी पुन्हा कठीण होते आणि पातळ पत्र्याचे भांडेही आकार धरून राहते. ठोका एका रेषेत पडला नाही तर ओळ मोडते आणि ती मोडलेली ओळ जन्मभर भांड्यावर दिसते. म्हणून हे काम शिकाऊ मुलाच्या हाती सहसा दिले जात नसे. तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हई, करावी लागे, नाहीतर ताक-आमटीसारखे आंबट पदार्थ कळकत. कल्हई झिजली की ती पुन्हा करून घ्यायची, चेपलेला हंडा ठाकठीक करायचा, मोड घालून नवे भांडे घ्यायचे, या सगळ्यामुळे भांडे एकदा विकून संबंध संपत नसे. विक्री एकदा आणि दुरुस्ती अनेकदा, हे ज्या धंद्याचे गणित असते त्या धंद्याला गिऱ्हाइकाच्या जवळ राहावेच लागते.

देवळांची नावेही या बाजारानेच ठेवली. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, बटाट्या मारुती ही नावे परगावच्या माणसाला चमत्कारिक वाटतात. मात्र पासोड्या म्हणजे जाड पांघरुणे जिथे विकली जात, तिथला विठोबा पासोड्या झाला आणि शनिवारवाड्यापुढे भाजीबाजार भरे तेव्हा बटाट्यांच्या ढिगांशेजारचा मारुती बटाट्या झाला, असे परंपरा सांगते. देवाला धंद्याचे टोपणनाव देणारे हे शहर भाविक नव्हते असे मात्र कोणी समजू नये.

या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. आळीची रचना धंद्याची होती तशीच जातीची होती, आणि ज्या हौदांनी पेठा फुलवल्या त्या हौदांचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांना भरता येत नव्हते. पेठेचा जिव्हाळा सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. ज्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तिथेच सावित्रीबाईंना शेणमातीचा मारा सोसावा लागला. १८६८ मध्ये जोतीरावांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. फुले स्वतः या बाजाराच्या आतले होते: पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून घराण्याचे आडनाव पडलेले, आणि पुढे ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार. पेठेवर त्यांनी केलेली टीका म्हणूनच अधिक वजनदार ठरते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दरबारावर पोसलेल्या धंद्यांचा मुख्य गिऱ्हाईकच नाहीसा झाला. १८५८ मध्ये मुंबईहून रेल्वे आली तेव्हा तिच्यातून गिरणीचे कापड आणि कारखानी वस्तूही आल्या. तरीही पेठा ओस पडल्या नाहीत, कारण ज्या कारागिरांनी दरबार सोडून घरगुती गिऱ्हाईक धरले ते तगले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तांब्यापितळेची भांडी घडवणे हा शहरातील प्रमुख उद्योगांपैकी एक म्हणून नोंदलेला आढळतो. सार्वजनिक काका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांनी १८७२ च्या सुमारास देशी मालच वापरण्याचे व्रत घेतले आणि १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ फोफावली, तेव्हा शेजारच्या दुकानातून माल घेण्याला सोयीबरोबर देशकार्याचेही बळ मिळाले.

याच काळात पेठांच्या बाजाराला नवे केंद्र मिळाले. शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरणारा भाजीबाजार हलवून शुक्रवार पेठेत नगरपालिकेने दगडी मंडई बांधली; १८८६ मध्ये ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या पाख्या, वर कौलारू छप्पर, आत उंच ओट्यांवर बसलेले माळी, बागवान आणि त्यांच्यापुढे लटकलेले तराजू अशी तिची मांडणी. नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले, याला इतिहासाची खोडी म्हणण्यापलीकडे काही म्हणता येत नाही. १९२४ मध्ये मंडईजवळ लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला, त्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून राजकारणाचा कीस पाडणाऱ्यांमुळे या परिसराला ‘मंडई विद्यापीठ’ अशी पदवी लाभली, आणि निवडणुकीच्या काळात तिथले मत वर्तमानपत्रांइतकेच मोजले जाऊ लागले. मंडईच्या हाकेच्या अंतरावर तुळशीबाग आहे. नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकात तिथे राममंदिर बांधले आणि देवदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या पायरवावर हळदीकुंकू, बांगड्या, पूजेची उपकरणी आणि भातुकलीची पितळी भांडी यांचा बाजार वाढला.

विसाव्या शतकातील पेठेत विक्रेता आणि गिऱ्हाईक यांना बांधणारा सर्वांत बळकट दोर म्हणजे वाण्याकडचे खाते. नोकरदाराचा पगार महिन्याला, भूक मात्र रोजची. त्यामुळे यादी द्यायची, सामान घरपोच घ्यायचे आणि पहिल्या आठवड्यात वहीवरचा आकडा फेडायचा ही रीत पडली. कोणाला किती उधार द्यायचे याचा अंदाज वाण्याला शेजारामुळे होता. उधारी बुडवून जाण्याजोगी जागा पेठेत नव्हती. मालक मागे किंवा माडीवर राहत असल्यामुळे दुपारी दुकान मिटून जेवण आणि वामकुक्षी उरकणे त्याला शक्य होते, आणि पुण्याच्या दुकानदारांच्या ज्या दुपारच्या सुट्टीवर इतके विनोद झाले तिचा उगम या घर-दुकानाच्या एकत्रपणात असावा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटीही त्याच जातीची: मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला आहे आणि मालाचा जाब त्यालाच विचारता येईल, असा तिचा अर्थ गिऱ्हाईक घेत असे. तिच्यात तुसडेपणा नव्हता असे नाही, पण हमीही होती.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठली. त्यामुळे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आणि दहा फुटांचे दुकान पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहू शकले. पेठांतील जुनी दुकाने टिकण्याचे श्रेय निष्ठेला दिले जाते, त्यातला मोठा वाटा या कायद्याचा आहे. मात्र तुटपुंज्या भाड्यात वाड्याची दुरुस्ती मालकाला परवडेना, आणि वाडे खचत गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे एका दिवसात कोसळले. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पेठेतले बिऱ्हाड प्रथमच आपल्या वाण्यापासून कोसभर लांब गेले. खरेदीची वाट मात्र बदलली नाही; कोथरूडला राहणारा माणूसही लक्ष्मी रस्त्याकडे निघाला की ‘गावात जाऊन येतो’ असेच सांगत राहिला.

पुढे भवानी आणि नाना पेठेतील धान्य-गुळाचा ठोक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठ आणि मंडई या नावांची भुयारी मेट्रो स्थानके सुरू झाली. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने आणि तुळशीबाग आजही गजबजलेली असतात, कारण तिथे हाताळून, विचारून, घासाघीस करून घ्यायचा माल विकला जातो. तांबट आळीत मात्र घरे उरली आहेत ती थोडी. पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब गॅसच्या गिझरने हटवला, स्टेनलेस स्टीलने कल्हईची गरज संपवली, आणि आता मठारलेले पेले, ताटे, शोभेची पात्रे मुख्यतः उपाहारगृहे आणि दूरच्या शहरांतील हौशी घरांसाठी घडतात. ठोका तोच आहे, पण भांडे चेपले तर ते घेऊन दुरुस्तीला येणारा शेजारी आता गिऱ्हाइकांच्या यादीत क्वचितच असतो.